अठरा पूर्ण झाल्यावर बालगृहातून कुठे जायचं?

प्रश्न : ताई, मी बालगृहात राहते. आईबाबा लहानपणीच गेले. यंदा बारावीला आहे. जानेवारीत मला अठरा पूर्ण होतात आणि फेब्रुवारीत परीक्षा आहे. आधीच्या मुली सांगतात, वाढदिवस झाला की सामान बांधायला लावतात. माझ्या फाईलमध्ये एका लांबच्या मामांचं नाव आहे. ते क्वचितच भेटायला आले, पण आता म्हणतात, ‘पोरीला ताब्यात द्या, स्थळ बघून ठेवलंय.’ मला नर्सिंग करायचं आहे. मी नाही म्हटलं तर चालेल का?

उत्तर : चालेल, बाळ. तुझं नाव-गाव मी छापलेलं नाही, त्यामुळे निर्धास्तपणे वाच.

आधी मामांचं बघू. अठरा पूर्ण झाली की तू सज्ञान. सज्ञान मुलीचा ताबा कुणालाही देता येत नाही आणि तिच्या मर्जीविरुद्ध लग्नही लावता येत नाही. त्याआधी मामांनी मागणी केली, तर निर्णय अधीक्षकांचा नसतो, बालकल्याण समितीचा, म्हणजे निराधार मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या जिल्ह्यातल्या सरकारी समितीचा असतो. समितीने मामांच्या घरची चौकशी करून घ्यायची असते आणि तुझं म्हणणंही ऐकायचं असतं. मी काही वर्षं अशा समितीवर काम केलं आहे. नातेवाईक समोर बसलेले असले की मुली खाली मान घालून ‘जाते’ म्हणतात. आम्ही मग त्यांना बाहेर बसवायचो, आणि दार लागलं की तीच मुलगी वेगळं सांगायची. म्हणून आत गेल्यावर पहिलं वाक्य हेच बोल : ‘मला एकटीला बोलायचं आहे.’ स्थळाचं जे कानावर आलंय, ते जसंच्या तसं सांग.

आता सामान बांधण्याचं. 2015 च्या बाल न्याय अधिनियमात कलम 46 आहे. संस्थेतून बाहेर पडणाऱ्या अठरा वर्षांच्या मुलामुलींना पायावर उभं राहण्यासाठी आर्थिक मदत देण्याची तरतूद त्यात आहे. याला अनुरक्षण सेवा म्हणतात. ती एकवीस वर्षांपर्यंत मिळते, आणि 2016 च्या नियमांप्रमाणे अपवादात्मक परिस्थितीत आणखी दोन वर्षं वाढवता येते. राहण्याची सोय, शिक्षणासाठी शिष्यवृत्ती, प्रशिक्षणाच्या काळात विद्यावेतन, समुपदेशन हे सगळं त्यात येतं. सहा ते आठ जणींनी मिळून एका घरात राहायचं, अशीही व्यवस्था नियमांत आहे. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत यासाठी महिन्याला 4000 रुपये धरलेले आहेत. एवढ्यात शहरात राहून शिकणं कठीण आहे, आणि एकविसाव्या वर्षी हात सोडणं मला लवकरच वाटतं. पण जे आहे ते पदरात पाडून घे.

खरी मेख इथे आहे. ही मदत आपोआप घरी येत नाही. तू बाहेर पडायच्या दोन महिने आधी परिविक्षा अधिकाऱ्याने (प्रोबेशन ऑफिसरने) किंवा बालकल्याण अधिकाऱ्याने तुझा पुढचा आराखडा करून समितीपुढे ठेवायचा असतो. तुझ्या बाबतीत म्हणजे नोव्हेंबरात. तो झाला नाही, तर जानेवारीत तुझ्या हातात फक्त पिशवी येते. तेव्हा वाट बघू नकोस. साध्या कागदावर अर्ज लिही :

‘मा. अध्यक्ष, बालकल्याण समिती. विषय : अनुरक्षण सेवा मिळणेबाबत. मी अमुक तारखेला अठरा वर्षं पूर्ण करत आहे. फेब्रुवारीत माझी बारावीची परीक्षा असून पुढे नर्सिंगचं शिक्षण घ्यायचं आहे. मला नातेवाइकांकडे जायचं नाही. परीक्षा होईपर्यंत राहण्याची सोय व त्यानंतर अनुरक्षण सेवा मंजूर व्हावी, ही विनंती.’

खाली सही, तारीख. दोन प्रती कर. एक दे, दुसरीवर आवक शिक्का आणि तारीख घे. कायद्यात ही मदत ‘देता येईल’ अशा भाषेत आहे, त्यामुळे शिक्क्याची ती प्रत जपून ठेव. ‘तू मागितलंच नव्हतंस’ असं मग कुणाला म्हणता येत नाही.

त्याच आठवड्यात अधीक्षकांकडे आधार, जन्मदाखला, दहावीची गुणपत्रिका, समितीच्या आदेशाची प्रत आणि स्वतःच्या नावाचं बँक खातं मागून घे. अनुरक्षणाचे पैसे थेट खात्यात जमा होतात. आणि अनाथ प्रमाणपत्राचा अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात आत्ताच टाक. राज्यात 2018 पासून अनाथांना शिक्षणात आणि सरकारी नोकरीत 1 टक्का आरक्षण आहे. प्रवेशाच्या धावपळीत हा कागद ऐन वेळी मिळत नाही.

अर्ज कुणी घेईना, तर 1098 या मुलांच्या मदतवाहिनीला फोन कर. जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरण असतं. तिथे स्त्रियांना आणि मुलांना उत्पन्न न विचारता मोफत वकील मिळतो. तुमच्या बालगृहात सूचनापेटीही असायला हवी, आणि ती ऑफिसपासून लांब, मुलींच्या खोल्यांजवळ हवी. चिठ्ठी टाकताना कुणी बघू नये म्हणून नियमच तसा आहे. पेटी ऑफिसच्या दारात टांगलेली असेल, तर तेही समितीला सांग.

निकाल लागला की मला पुन्हा लिही. प्रवेशाच्या कागदांत अडलीस तर त्याआधीच लिही.

प्रश्न : मुलाचा वाढदिवस आम्ही अनाथाश्रमात साजरा करणार आहोत. मुलांबरोबरचे फोटो फेसबुकवर टाकले तर चालतात ना?

उत्तर : नाही. बाल न्याय अधिनियमाच्या कलम 74 प्रमाणे अशा मुलांची ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध करता येत नाही : नाव, पत्ता, शाळा, फोटो. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. संस्थेच्या माणसाने तोंडी ‘हो’ म्हटलं तरी उपयोग नाही. जरा असा विचार करा : पुढे कॉलेजात गेलेल्या त्या मुलीला वर्गमैत्रिणीने तुमचा तोच फोटो दाखवला, तर? केक जरूर न्या, पण आधी अधीक्षकांना विचारून. मुलांना दहावीची गाईडं किंवा परीक्षेच्या फीची गरज आहे का, तेही विचारा.