‘ती आला’ हे व्याकरण चुकले की स्वर चुकला?

ऐरोलीच्या ताईंनी विचारले आहे की, पाच वर्षांच्या त्यांच्या मुलाला चाइल्डहूड अप्रॅक्सिया ऑफ स्पीच (स्नायूंत ताकद असूनही बोलण्यासाठी ओठ-जिभेच्या हालचाली जुळवणे मेंदूला जड जाते, असा वाचादोष) असल्याचे निदान झाले आहे, तो ‘आजी’ला कधी ‘आजा’ तर कधी ‘आजे’ म्हणतो, ‘ताई आली’ऐवजी ‘ताई आला’ म्हणतो, आणि शाळेतून ‘व्याकरण कच्चे आहे, बाराखडी घोटून घ्या’ असे सांगितले आहे. मी ठाण्यात नौपाड्याला अनेक वर्षे वाचा-उपचाराचे काम करते. त्या अनुभवावरून सांगते की, बाराखडी घोटण्यापूर्वी त्याचा ‘ई’ नीट ऐका.

मराठीत लिंग, वचन आणि पुरुष यांचा बराचसा भार शेवटच्या स्वरावर असतो. आला, आली, आलं, आले, आलो; तो, ती, ते. व्यंजन तेच राहते, बदलतो तो स्वर. त्यामुळे ज्या मुलाची जीभ ‘ई’साठी पुढे आणि वर जाऊन पोहोचत नाही, त्याची चूक ऐकणाऱ्याला व्याकरणाची वाटते. पडताळा घरीच घेता येतो. मुलगा येतानाचे एक आणि मुलगी येतानाचे एक, अशी दोन चित्रे त्याच्यासमोर ठेवा आणि कधी ‘आला’, कधी ‘आली’ एवढेच म्हणा. त्याने दर वेळी योग्य चित्रावर बोट ठेवले, तर त्याला फरक कळतो आहे. शिवाय तुमचा मुलगा ‘आजी’तही घसरतो आणि तिथे तर क्रियापद नाही; म्हणून मला येथे स्वराचाच संशय अधिक वाटतो.

व्यंजन उच्चारताना ओठ किंवा जीभ कुठेतरी टेकते किंवा अगदी जवळ जाते, त्यामुळे मुलाला जागा सापडते. स्वरात जीभ तोंडाच्या पोकळीत अधांतरी राहते आणि जबडा किती उघडायचा हेही नेमके साधावे लागते. बहुतेक मुलांचे स्वर साधारण तिसऱ्या वर्षापर्यंत स्थिरावतात, म्हणून पाचव्या वर्षी ते चुकत असतील तर दुर्लक्ष करू नये. अमेरिकन स्पीच-लँग्वेज-हिअरिंग असोसिएशनने 2007 मध्ये अप्रॅक्सियाची जी तीन लक्षणे सांगितली, त्यांतील पहिल्यातच व्यंजनांबरोबर स्वरांचाही उल्लेख आहे: तोच शब्द पुन्हा म्हणताना चूक बदलत जाणे. डिसार्थ्रिया हा वेगळा वाचादोष; त्यात स्नायूंचीच ताकद किंवा नियंत्रण कमी असते, चुका बऱ्याचदा एकसारख्या राहतात आणि सगळे स्वर ‘अ’कडे झुकल्यासारखे ऐकू येतात. एकाच मुलात दोन्ही असू शकतात.

बाराखडीविषयी माझी हरकत एवढीच आहे की तिची एक लय असते. मूल त्या लयीवर ‘का, कि, की’ म्हणून जाते आणि ‘पाणी’ मागताना पुन्हा अडते. अप्रॅक्सियात खरी अडचण एका स्वरापासून पुढच्या ध्वनीपर्यंत जाण्यात असते. म्हणून ‘मी’, ‘बी’ अशा शब्दांपासून सुरुवात करावी. तिथे व्यंजनाचे काम ओठ करतात आणि जीभ ‘ई’साठी मोकळी राहते. मग ‘आई’, ‘ताई’, ‘आली’. समोरासमोर बसा, त्याचे लक्ष तुमच्या चेहऱ्याकडे असू द्या आणि दोघे एकदम, सावकाश म्हणा. ‘आ’ लांबवा, पण ‘आ… ली’ असे मध्ये थांबून तोडू नका, कारण जो सांधा जमत नाही तोच त्यामुळे सुटतो. जमू लागले की तुमचा आवाज हळूहळू काढून घ्या, नुसते ओठ हलवा, आणि नंतर तेही नको. अमेरिकन वाचातज्ज्ञ एडिथ स्ट्रँड यांच्या डीटीटीसी (डायनॅमिक टेम्पोरल अँड टॅक्टाइल क्यूइंग) या उपचारपद्धतीचा गाभा हाच आहे. पाच-सहा शब्दच घ्या, मात्र दिवसातून चार वेळा, थोडा थोडा वेळ. शिट्ट्या फुंकणे किंवा स्ट्रॉने पाणी ओढणे यांनी बोलणे सुधारत नाही; कृपया त्यात वेळ घालवू नका.

बसून करायचा सराव जमू लागला की तलावपाळीला फेरी मारताना ‘बोट आली’, ‘फुगेवाला आला’, ‘कुत्रं आलं’ असे सहज बोलत राहा. ‘कुत्रे आले’ हे ‘कुत्रं आलं’चे पुस्तकी रूप सध्या बाजूला ठेवा. घरात तो जे ऐकतो तेच त्याच्या तोंडी यावे.

दर पंधरा दिवसांनी तेच पाच शब्द त्याच्याकडून तीन-तीन वेळा म्हणवून मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा, आणि जसे ऐकू आले तसे, न सुधारता, वहीत लिहा. पुढच्या भेटीत ती वही तुमच्या उपचारतज्ज्ञांना दाखवा आणि शाळेतल्या बाईंनाही एकदा ‘आजा’, ‘आजे’, ‘आजी’ ओळीने ऐकवा.