नवा ट्रक, तरी दर सोमवारी बॅटरी डाऊन

प्रश्न : आमचा सहाचाकी बीएस ६ ट्रक घेऊन आठ महिने झाले. शनिवारी संध्याकाळी गाडी आवारात लावली, की सोमवारी पहाटे सेल्फ नुसता टकटक करतो, इंजिन फिरत नाही. वॉरंटीत एक बॅटरी बदलून मिळाली, पण दीड महिन्यात पुन्हा तेच. दोन्ही वेळा चॅसीला मायनस जोडलेलीच बॅटरी उतरली, दुसरी चांगली निघाली. अल्टरनेटर ठीक आहे असे सांगतात. टेप, जीपीएस आणि मोबाईल चार्जर आम्ही बाहेरून बसवले आहेत. दोष बॅटरीचा की गाडीचा? — एक वाहतूकदार, सांगली

उत्तर : दोन्ही वेळा एकच बॅटरी उतरली, ही तुमच्या पत्रातली सर्वात कामाची माहिती आहे. तुमच्या गाडीत १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडून २४ व्होल्ट होतात. गाडीची मूळ वायरिंग करंट ओढते तो दोन्हींतून सारखाच. म्हणजे गाडीत कुठे गळती असती तर दोन्ही बॅटऱ्या जवळपास बरोबरच उतरल्या असत्या. एकटी चॅसीकडची उतरते, तेव्हा बहुधा टेप किंवा चार्जर १२ व्होल्टचा आहे आणि वायरमनने त्याचा प्लस दोन बॅटऱ्यांच्या मधल्या जोडावरून घेतला आहे. हे फार सर्रास केले जाते आणि नव्या बॅटऱ्या त्यानेच मरतात.

अल्टरनेटर ‘ठीक’ असूनही असे का होते, तेही पाहा. तो फक्त दोन्हींची बेरीज बघतो, साधारण २८ व्होल्ट. खालची, म्हणजे चॅसीकडची बॅटरी १३.२ वर अडकली आणि वरची, म्हणजे दुसरी १५ वर गेली तरी बेरीज जुळते, आणि रेग्युलेटर करंट कमी करतो. खालची उपाशी राहते. वरची जास्त चार्ज होऊन पाणी उडवते. काही महिन्यांनी ती ‘चांगली’ बॅटरीही जाईल, म्हणून तिचे पाणी आजच तपासा.

खात्री करायला दहा मिनिटे पुरतात. इंजिन सुरू करून आरपीएम १५०० च्या आसपास ठेवा आणि मल्टिमीटरने प्रत्येक बॅटरी वेगळी मोजा. दोन्हींवर १४ च्या आसपास, सारखे व्होल्ट हवेत. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर मधल्या जोडाची थिंबल (केबलच्या टोकाची पकड) उघडून बघा, जादा वायर तिथेच सापडेल.

आता गाडी बंद असतानाची तपासणी. त्यासाठी डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर, म्हणजे वायरीभोवती चिमट्यासारखा लावायचा मीटर लागतो. स्वस्तातले बरेच क्लॅम्प फक्त एसी मोजतात, घेताना विचारून घ्या. मेन स्विच रोजच्यासारखाच ठेवा, चावी काढा, दारे बंद करा आणि किमान अर्धा तास थांबा. त्याआधी ईसीयू (गाडीतले कंट्रोल कॉम्प्युटर) जागेच असतात आणि आकडा फसवा येतो. मग चॅसीकडे जाणाऱ्या मायनस केबलवरचा करंट मोजा आणि नंतर दोन बॅटऱ्यांमधल्या जोड केबलवरचा. दोन्ही आकडे सारखे हवेत. मायनसवर ०.८ अँपिअर आणि जोडावर ०.०५ आला, तर मधला ०.७५ अँपिअर त्या १२ व्होल्टच्या वायरीतून जातो आहे. शनिवार संध्याकाळ ते सोमवार पहाट ३६ तास धरले तर हे २७ अँपिअर-तास झाले. १०० अँपिअर-तासांची भरलेली बॅटरी एवढे सोसते. आठवडाभर अर्धपोटी राहिलेली सोसत नाही.

दोन्ही आकडे सारखे पण ०.१ च्या वर आले, तर गळती २४ व्होल्टच्या बाजूला आहे. तेव्हा फ्यूज उपसत बसू नका, त्याने झोपलेले ईसीयू पुन्हा जागे होतात. फ्यूज जागेवरच ठेवून त्याच्या पाठीवरच्या दोन उघड्या टोकांवर मिलिव्होल्ट मोजा. जिथे आकडा उमटेल त्याच सर्किटमधून करंट जातो आहे. अल्टरनेटरच्या जाड प्लस वायरीलाही क्लॅम्प लावा. इंजिन बंद असताना तिथे जवळपास शून्य हवे, नाहीतर अल्टरनेटरमधला डायोड गळतो आहे.

दुरुस्ती अशी : मधल्या जोडावरची वायर काढून २४ चे १२ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर बसवा. टेप आणि चार्जरला १० अँपिअरचा पुरतो. त्याचा इनपुट दोन्ही बॅटऱ्यांच्या बाहेरच्या टोकांवरून, चावीवर चालणाऱ्या रिलेमधून घ्या आणि फ्यूज बॅटरीच्या जवळच लावा. जीपीएसला कायम सप्लाय लागतो. तो २४ व्होल्टवर चालत असेल तर थेट तिथूनच द्या. मग दोन्ही बॅटऱ्या बाहेर काढून १२ व्होल्टच्या चार्जरवर वेगवेगळ्या चार्ज करा : १०० अँपिअर-तासांना १० अँपिअर, पूर्ण भरेपर्यंत. रात्रभर ठेवून सकाळी मोजा. १२.६ च्या वर हवे. १२.४ च्या खाली घसरली तर प्लेटांवर सल्फेट बसले आहे. बदलायची वेळ आली तर दोन्ही एकदम, एकाच कंपनीच्या आणि एकाच तारखेच्या घ्या. वॉरंटीचा दावा करण्याआधी ही वायर काढाच, कारण बाहेरून केलेल्या वायरिंगवर बोट ठेवून दावा नाकारला जाऊ शकतो.

प्रश्न : बॅटरी वाचावी म्हणून आमचा ड्रायव्हर इंजिन बंद करताच मेन स्विचही बंद करतो. हे बरोबर आहे का? — एक वाचक, चाकण

उत्तर : सवय चांगली, घाई वाईट. युरिया लागणाऱ्या बीएस ६ गाडीत चावी बंद केल्यावरही डीईएफचा, म्हणजे त्या युरियाच्या द्रवाचा पंप थोडा वेळ चालतो आणि पाइपातला द्रव टाकीकडे परत ओढतो. मध्येच सप्लाय तोडला तर तो आतच राहतो, वाळतो आणि त्याचे खडे इंजेक्टरमध्ये अडकतात. गाडीच्या पुस्तिकेत दिलेला वेळ पाळा. दोन-तीन मिनिटे तरी थांबा.

प्रश्न : रस्त्यात बॅटरी उतरली तर पिकअपची १२ व्होल्टची बॅटरी लावून चालेल का? — एक ड्रायव्हर, पेण

उत्तर : नाही. दुसरी २४ व्होल्टचीच गाडी बघा. आधी प्लसला प्लस, दोन्हीकडे बाहेरचे टोक. मधल्या जोडाला हात लावू नका. मग मदतीच्या गाडीचा मायनस तुमच्या चॅसीच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब लावा, कारण चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि ठिणगीने पेटतो. इंजिन चालू असताना बॅटरीचे टर्मिनल कधीही काढू नका. त्या क्षणी अल्टरनेटरचे व्होल्टेज उसळते आणि ईसीयू जळू शकतो.