पाचचा गजर लावतो, पण चार दिवसांत सगळं बारगळतं. सकाळच्या दिनक्रमाने खरंच शिस्त येते का, डोकं शांत होतं का?

तुम्ही लिहिलंय की पाचला उठून ध्यान, व्यायाम, वाचन, डायरी असं सगळं ठरवता, चार दिवस ते जोरात चालतं, पाचव्या दिवशी गजर बंद करून झोपता आणि मग दिवसभर स्वतःवरच चिडता. हे जमतं तरी का, की व्हिडिओवाल्यांचं थोतांड आहे?

जमतं. फक्त त्यात पाच वाजण्याचा संबंध फार थोडा आहे. रात्री साडेबाराला झोपून पाचला उठणारा माणूस शिस्त लावून घेत नसतो, झोप बुडवत असतो. मोठ्या माणसाला किमान सात तास झोप लागते. ती मिळत नसेल तर आधी रात्रीचं बघा, सकाळचं नंतर.

आपल्याकडे अशा वेळी कुणीतरी ब्राह्ममुहूर्त काढतंच. वाग्भटाच्या अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात दिनचर्येचा अध्याय त्यानेच सुरू होतो, हे खरं. पण तो मुहूर्त घड्याळाला बांधलेला नाही, सूर्याला बांधलेला आहे. सूर्योदयाच्या ९६ मिनिटं आधी सुरू होतो आणि ४८ मिनिटांत संपतो. पुण्यात जानेवारीत सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो, जूनच्या सुरुवातीला सहाच्या जरा आधी. म्हणजे तोच मुहूर्त थंडीत साडेपाचच्या पुढे जातो आणि उन्हाळ्यात साडेचारच्या आत येतो. शिवाय तेव्हा दिवे मालवले की माणसं झोपत. रात्री अकराला मालिकेचा पुढचा भाग लावणाऱ्याने वाग्भटाला मध्ये आणू नये.

मी सहाला उठते. बँकेत नोकरी, दोन डबे भरायचे, आणि त्याआधी पाऊण तास खर्जाचा रियाज. मैफिली गाजवणारी गायिका वगैरे मी नाही, हौशी विद्यार्थिनी आहे. पण ही एक गोष्ट बरीच वर्षं टिकली आहे, आणि ती का टिकली यातच तुमच्या प्रश्नाचं उत्तर असावं.

खर्ज म्हणजे मंद्र सप्तकातले खालचे सूर. झोपेतून उठल्यावर आवाज मुळातच खाली बसलेला असतो, म्हणून ते सूर सकाळी लागतात. दुपारी तेच करायला गेलं तर गळा खाली दाबावा लागतो. काम सकाळचं आहे म्हणून सकाळी होतं, एवढंच. तुमच्या यादीतलं प्रत्येक काम संध्याकाळीही चाललं असतं, आणि म्हणूनच पाचव्या दिवशी ते संध्याकाळवर गेलं. तेव्हा उठण्याची वेळ ठरवण्याआधी, फक्त सकाळीच होऊ शकतं असं तुमच्याकडे काय आहे ते शोधा. घरात फक्त तेव्हाच शांतता असते, हे कारणसुद्धा पुरतं.

आता डोकं शांत होण्याबद्दल. गाण्याआधी तानपुरा लावायचा असतो. माझा मिरजेचा आहे (तिथल्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हे जाता जाता). चार तारा: पहिली पंचमाची म्हणजे 'प'ची, मधल्या दोन जोडीच्या षड्जाच्या म्हणजे 'सा'च्या, शेवटची खर्जाची म्हणजे खालच्या 'सा'ची. खुंट्या पिळून ढोबळ सूर आणायचा, मग तारांत ओवलेले खालचे मणी केसभर सरकवायचे, मग घोडीवर, म्हणजे तारा ज्या पट्टीवर टेकतात तिच्यावर, तारेखालचा दोरा मागेपुढे करत जवारी, म्हणजे तारेचा गुंजणारा झंकार, जमवायची. पावसाळ्यात रात्री नीट लावून ठेवलेला तानपुरा सकाळी हमखास उतरलेला असतो. जोडीच्या तारांमध्ये किंचित फरक असला की आवाजात एक लाट ऐकू येते. तारा जवळ येतात तशी ती संथ होत जाते आणि जुळल्या की थांबते. डोक्यात ऑफिसचं ऑडिट चालू असेल तर ती लाट ऐकूच येत नाही, मणी भलतीकडे सरकतो आणि परत पहिल्यापासून. मन भटकलंय हे तारच सांगते. नुसतं डोळे मिटून बसलं तर वीस मिनिटं भटकूनही ध्यान झालं असं मानून घेता येतं. नवख्या माणसाला तर फारच सहज.

म्हणून चार गोष्टी सोडा आणि अशी एकच घ्या, जिच्यात लक्ष सुटलं की तिथल्या तिथे कळतं. पाठांतर चालेल, ओळ अडली की कळतं. श्वासाच्या लयीत सूर्यनमस्कार चालतील. हाताने कागदावर चित्र काढणं, मोडी लिपीचा सराव, काहीही. डायरी मात्र मी सुचवणार नाही. सकाळी सकाळी स्वतःच्या तक्रारी उगाळून कुणाचं डोकं निवळलेलं मी पाहिलेलं नाही.

फोन स्वयंपाकघरात राहू द्या. तानपुऱ्याची ॲपं उत्तम निघाली आहेत, प्रवासात मीही वापरते, पण घरी नाही. सूर लावायला फोन उचलला की आधी सोसायटीच्या ग्रुपवरचं पाण्याच्या टँकरचं भांडण दिसतं. गजरासाठी साधं घड्याळ आणा.

शिस्तीचं म्हणाल तर कोल्हापूरच्या तालमीत जाऊन बघा. तिथली पोरं पहाटे उठून जोर-बैठका मारतात, ती सगळीच काही मनोनिग्रही नसतात. वस्ताद तिथे असतो, जोडीदार माती उकरून वाट बघत असतो, नाही गेलं तर विचारणा होते. आपण मात्र एकट्याने, बंद खोलीत, कुणाला न सांगता शिस्त लावायला बघतो. माझ्या गाण्याच्या ताई आठवड्यातून एकदा शिकवतात आणि पहिल्या दोन सुरांतच त्यांना कळतं की आठवडा कसा गेला. तुम्हीही एखादा माणूस गाठा. रोज बरोबर चालायला येणारा शेजारीसुद्धा चालेल.

आणि २१ दिवसांत सवय लागते हे डोक्यातून काढा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या सवयींचा अभ्यास केला होता. एखादी गोष्ट अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागतात असं त्यात निघालं, पण माणसामाणसांत फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत होता. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही, हेही त्यांना दिसलं. तुमचा पाचवा दिवस चुकला होता. तुम्ही सहाव्यालाही सोडून दिलंत, घोळ तिथे आहे.

रात्रपाळी असेल किंवा घरात तान्हं बाळ असेल तर सध्या यातलं काही करू नका, मिळेल तेव्हा झोपा. आणि गजर न लावताही रोज भल्या पहाटे जाग येते, पुन्हा झोप लागत नाही, मन उदास राहतं असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, तर तो दिनक्रमाचा प्रश्न नाही. त्यासाठी डॉक्टरांना दाखवा.