रात्री गणपतीचे फोटो काढायला कोणता फोन बरा?

तुम्ही विचारलंय की बजेट ५० हजारांच्या आसपास आहे, फोटो बहुतेक दिवेलागणीनंतरचे असतात, म्हणजे घरची आरती, मंडळाचं आगमन, विसर्जन. मग आयफोन, गूगलचा पिक्सेल की सॅमसंग? आणि २०० मेगापिक्सेलवाला घेतला तर रात्रीचा फोटो जास्त चांगला येतो का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, ते सोपं आहे. नाही. २०० मेगापिक्सेलचे फोन अंधारात २०० मेगापिक्सेल वापरतच नाहीत. सॅमसंगचा २०२३ चा गॅलेक्सी एस२३ अल्ट्राच घ्या. त्याच्या सेन्सरवरचा, म्हणजे लेन्समागे प्रकाश टिपणाऱ्या चकतीवरचा, एकेक पिक्सेल (ठिपका) ०.६ मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान. म्हणून रात्री तो १६ पिक्सेलांची मोळी बांधून त्यांचा २.४ मायक्रॉनचा एक पिक्सेल करतो आणि तुमच्या हातात १२ मेगापिक्सेलचा फोटो ठेवतो. बघायचं असेल तर सेन्सरचं माप बघा. ते अपूर्णांकात लिहितात, छेद जितका लहान तितका सेन्सर मोठा. १/१.३ इंचीचं क्षेत्रफळ १/२ इंचीच्या दुपटीहून जास्त भरतं. (१ इंची म्हणून जो मिरवतात तो प्रत्यक्षात १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा असतो. इंच त्यात कुठेच नाही. जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांच्या काचेच्या नळ्यांची मापं अजून चालू आहेत, इतकंच.)

आता मूळ प्रश्न. मी गिरगावात चाळीत राहते आणि बरीच वर्षं आमच्या मंडळाचे फोटो माझ्याच गळ्यात आहेत. गेल्या गणपतीत आमच्याकडे पिक्सेल ८ए, आयफोन १३ आणि गॅलेक्सी एस२३ असे तीन फोन एकत्र जमले होते. मी आधी तिन्ही गॅलरीच्या कठड्यावर ठेवले आणि समोरच्या इमारतीचे फोटो काढले. तिन्ही सुरेख. भांडायचंच म्हटलं तर मोठे करून खिडकीचे गज मोजावे लागले असते.

मग आरती सुरू झाली आणि तिघांचीही पंचाईत झाली. आईचा चेहरा छान, पण निरांजन फिरवणारा हात म्हणजे पिवळा फराटा. झांजा वाजवणाऱ्या पोरांना हातच नाहीत. शेवटी सगळे स्वतःभोवती गिरक्या घेतात ना, त्या फोटोत तर ओळखीचा एकही माणूस उरला नाही. कुठल्या फोनचा सगळ्यात वाईट ते सांगत नाही, कारण दोन मिनिटांनी पुन्हा काढले तेव्हा क्रम बदलला होता. ज्या फोटोचं शटर (सेन्सरवर प्रकाश पडू देण्याचा वेळ) १/६० सेकंद किंवा त्याहून जलद पडलं होतं तो बरा, १/१५ पडलं तो गेला. फोन कुठलाही असो. मला जे सांगायचंय ते एवढंच आहे, पुढचा सगळा त्याचाच खुलासा.

नाइट मोड काय करतो ते बघा. तो एका फोटोऐवजी ओळीने अनेक फोटो काढतो, एकमेकांवर बसवतो आणि त्यांची सरासरी काढतो, म्हणजे अंधारातल्या फोटोवर दिसणारे दाणे पुसले जातात. गूगलने २०१८ मध्ये नाइट साइट आणलं, ॲपलने २०१९ मध्ये आयफोन ११ बरोबर नाइट मोड दिला, ते मूलतः हेच. पिक्सेल ४ मध्ये तर तारे टिपायची सोय आली, १६-१६ सेकंदांचे १५ फोटो, एकूण ४ मिनिटं. तारे तेवढा वेळ जवळपास गप्प बसतात. आमची पोरं बसत नाहीत. म्हणून तुलनेसाठी जे पूल, इमारती आणि मरीन ड्राइव्ह दाखवतात ते बघून फोन घेऊ नका. सी लिंक हलत नाही!

माणसांसाठी नाइट मोड बंद करा. आयफोनवर चंद्राचं चिन्ह येतं, त्यावर दाबून सेकंद शून्यावर आणायचे. मग मुख्य लेन्सच वापरा. आयफोन १३ ची मुख्य लेन्स एफ/१.६ आहे आणि अल्ट्रावाइड (जास्त रुंद दृश्य टिपणारी) एफ/२.४, हा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं तोंड मोठं, म्हणजे मुख्य लेन्समधून सव्वादोन पट प्रकाश येतो, शिवाय तिच्यामागचा सेन्सरही मोठा. मखरात अख्खी मूर्ती मावत नाही म्हणून अल्ट्रावाइड लावण्यापेक्षा दोन पावलं मागे या. चाळीच्या खोलीत मागे भिंत असते हे मला माहीत आहे, मग दारातून काढा. झूमचंही तेच. अंधार पडला की पुष्कळ फोन टेलिफोटो (दूरचं जवळ आणणारी लेन्स) सोडून मुख्य कॅमेऱ्याचाच फोटो कापून देतात आणि आपल्याला पत्ता लागत नाही.

एस२३ मध्ये प्रो मोड आहे, म्हणजे शटर आणि आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) आपण ठरवायची सोय. त्यात मी शटर १/१०० ठेवते आणि आयएसओ ८०० ते १६०० च्या मध्ये. १/१०० यासाठी की आपली वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. १/१०० ठेवलं तर हात बऱ्यापैकी गोठतो आणि स्वस्त एलईडी माळांचे काळे पट्टेही फोटोत येत नाहीत. दाणे दिसतील, दिसू देत. दाणेदार आई चालते, फराटा झालेली नाही. आयफोनच्या मूळ कॅमेऱ्यात आणि पिक्सेल ८ए मध्ये शटर हातात देत नाहीत. तिथे युक्ती म्हणजे हात वर जाऊन क्षणभर थांबतो त्या टोकाला बटण दाबायचं. आणि स्क्रीनवर दिसणाऱ्या ज्योतीवर बोट ठेवून उजेड खाली ओढायचा, नाहीतर फोन अंधार इतका उजळतो की संध्याकाळची आरती भरदुपारची वाटते. व्हिडिओ लुकलुकत असेल तर सेकंदाला ३० ऐवजी २५ फ्रेमवर काढा. आयफोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये पाल फॉरमॅट चालू केले की तो पर्याय दिसतो.

आगमनाच्या मिरवणुकीत एक गोष्ट जपा. शार्पीचे (फिरत्या प्रखर दिव्यांचे) झोत फक्त फोटो बिघडवतात, लेझर मात्र सेन्सरच जाळू शकतो. आमच्या एका कार्यकर्त्याच्या फोनवर दोन वर्षांपूर्वी लेझरचा किरण थेट आला, तेव्हापासून त्याच्या प्रत्येक फोटोत एक हिरवी उभी रेघ आहे. लेझर दिसला की फोन खाली. आणि एसी लोकलमधून उतरून लगेच फोटो काढू नका, बाहेरच्या दमट हवेत लेन्सवर बाष्प धरतं. धुरकट आलेले निम्मे फोटो तर बोटाच्या तेलाचे असतात, सुती रुमालाने पुसलं की फोन नवा.

तर घ्यायचा कुठला? तुमच्या पैशांत नव्या मधल्या फोनपेक्षा दोन-तीन वर्षं जुना वरच्या श्रेणीचा फोन मी घेईन, सेन्सर मोठा मिळतो. शटरशी खेळायची तयारी असेल तर एस२३ च्या जातीचा सॅमसंग. फोन काढला आणि दाबला, एवढंच हवं असेल तर पिक्सेल. फोटोंपेक्षा व्हिडिओ जास्त काढत असाल तर आयफोन. पण दुकानात स्वतः पारखा. तिथे इतका झगझगाट असतो की सगळेच फोन हुशार वाटतात. काउंटरच्या खालच्या अंधाऱ्या कप्प्याकडे, नाहीतर जिन्याखाली कॅमेरा वळवा आणि विक्रेत्याला हात हलवायला सांगा. प्रत्येक फोनवर पाच-सहा फोटो काढा, मग फोटो वर सरकवून तपशील उघडा. तिथे शटर आणि आयएसओ लिहिलेलं असतं. त्याच अंधारात जो फोन जलद शटर धरूनही चेहरा धड ठेवतो तो तुमचा. विक्रेता जरा विचित्र नजरेने बघतो, माझ्याकडे बघितलंच होतं. नंतर तोच म्हणाला, ताई, हे मलाही दाखवा.