माहेरी जा, पण आधी वार कुठे आहे ते बघ

पत्र

ताई, मी साताऱ्यात राहते. मिस्टर एमआयडीसीत कामाला आहेत. मी पहिलटकरीण, आज ३२ आठवडे पूर्ण झाले. माहेर जत तालुक्यात, जतपासूनही अर्धा तास आत. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, हे आईनं कधीच ठरवून टाकलंय. त्यात धाकट्या भावाचं लग्न एप्रिलच्या शेवटी आलंय, तेव्हा मला ३६ आठवडे झालेले असतील. आत्या (सासूबाई) म्हणतात, सातव्याचं मूल जगतं, आठव्याचं जगत नाही, आता घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. डॉक्टर म्हणाले, जायचं तर जा, पण जपून. जपून म्हणजे नक्की काय? बीपी १२०/७८ आहे, शुगर नॉर्मल, हिमोग्लोबिन ९.४. रक्तवाढीच्या गोळ्यांनी पोट साफ होत नाही म्हणून मी त्या एक दिवसाआड घेते. पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत वार (प्लॅसेंटा) खाली आहे असं लिहिलं होतं, त्यानंतर सोनोग्राफी झालेली नाही. सांगलीत विश्रामबागेत काका राहतात. एसटीनं जाऊ, रेल्वेनं की गाडीनं? भावाच्या लग्नात मी नाही, ही कल्पनाच सहन होत नाही.
– एक लेक, सातारा

उत्तर

तुझ्या पत्रातली सगळ्यात मोठी गोष्ट तू जाता जाता लिहून गेलीस. पाचव्या महिन्यात वार खाली होती आणि त्यानंतर कुणी बघितलेलं नाही. एसटी की रेल्वे, आईचं ऐकायचं की आत्यांचं, हे सगळं त्याच्या नंतर. ही सोनोग्राफी याच आठवड्यात करून घे. तोवर बॅग भरायला काढू नकोस.

पाचव्या महिन्यात वार खाली दिसणं पुष्कळ जणींच्या बाबतीत होतं. पुढे गर्भाशयाचा खालचा भाग ताणत वाढतो आणि वार आपोआप वर गेलेली दिसते. बहुतेकींचं असंच होतं, तुझंही झालं असण्याची शक्यता जास्त आहे. पण ते गृहीत धरायचं नसतं, म्हणून ३२ आठवड्यांच्या सुमाराला पुन्हा बघतात. रिपोर्टमध्ये वारेची कड गर्भाशयाच्या तोंडापासून किती अंतरावर आहे तो आकडा शोध, दिसला नाही तर विचारून लिहून घे. २ सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त असेल तर ती काळजी मिटली. त्याहून कमी असेल तर वार अजून खालीच आहे, आणि तोंड झाकलं गेलं असेल तर बाळंतपण सिझेरियननंच होणार. पोटावरून नीट दिसलं नाही तर आतून सोनोग्राफी करावी लागेल असं सांगतील. त्याला नाही म्हणू नकोस. पुष्कळ बायका या तपासणीला घाबरतात, पण त्यानं बाळाला किंवा वारेला धक्का लागत नाही आणि अंतर जास्त नेमकं कळतं.

वार खाली असेल तर माझं उत्तर स्पष्ट आहे: जायचं नाही. भावाच्या लग्नालाही नाही. हे लिहिताना मला वाईट वाटतंय, पण वार खाली असताना होणारा रक्तस्राव फार फसवा असतो. पोटात काहीही दुखत नाही, रात्री झोपेतून उठावं तर कपडे भिजलेले. पहिल्यांदा थोडंसं जाऊन थांबतं, सगळ्यांना हायसं वाटतं आणि मग दुसऱ्यांदा जोरात जातं. अशा वेळी शस्त्रक्रियेची सोय आणि रक्तपेढी अर्ध्या तासाच्या आत हवी. तुझ्या माहेरच्या गावाहून सांगली दोन तासांच्या वर आहे. मग लग्न उरकल्यावर आईनं साताऱ्याला यावं. वार तोंडापाशी आहे की नाही हे कळेपर्यंत नवराबायकोचा संबंध टाळा, आणि अंगावरून जायला लागलं तर दवाखान्यात सगळ्यात आधी ‘माझी वार खाली होती’ हे सांग, म्हणजे कुणी हात घालून आतली तपासणी करणार नाही. त्या तपासणीनंच रक्तस्राव वाढू शकतो.

आता समज, वार वर गेली आहे आणि बीपीही आत्तासारखंच आहे. मग जा. गावी बाळंत व्हायला मात्र नको, सांगलीत काकांकडे राहून बाळंत हो.

तुला वाटतंय की प्रश्न चार-पाच तासांच्या प्रवासाचा आहे. गाडीच्या धक्क्यांनी निरोगी गरोदर बाईच्या कळा सुरू होतात, असा पुरावा नाही. खरा धोका पुढच्या आठ आठवड्यांचा आहे: त्या काळात तू दवाखान्यापासून किती लांब असशील? पहिलटकरणीच्या कळा सहसा बारा-बारा तास चालतात, त्यामुळे नुसत्या कळा आल्या तर जतहून सांगली गाठायला वेळ मिळतो. पण रक्तस्राव, अचानक चढलेलं बीपी, झटके, बाळाची मंदावलेली हालचाल यांच्यात तेवढी सवड नसते. आई म्हणेल आम्ही सगळ्या गावातच झालो. खरं आहे. ज्यांचं सगळं सुरळीत झालं त्या आज ते सांगायला आहेत.

आत्यांना मात्र समजावून सांग, भांडू नकोस. त्यांची भीती जुनी आहे आणि तुझ्यावरच्या मायेपोटी आहे. सातव्याचं जगतं, आठव्याचं नाही, हे चुकीचं आहे. बाळाची फुप्फुसं आठवड्यागणिक तयार होत जातात, त्यामुळे आठव्यात जन्मलेल्या बाळाची जगण्याची शक्यता सातव्यातल्यापेक्षा कितीतरी चांगली असते. ३७ आठवड्यांच्या आत जन्मलं तर त्याला अपुऱ्या दिवसांचं म्हणतात, आणि अशा बाळांसाठी नवजात अतिदक्षता विभाग जवळ लागतो. ३४ आठवड्यांच्या आत कळा सुरू झाल्या तर बाळाच्या फुप्फुसांसाठी आईला इंजेक्शनं देतात. त्यांचा पूर्ण गुण यायला एक-दोन दिवस लागतात, म्हणून ‘बघू सकाळपर्यंत’ असं करायचं नाही. आत्यांना सांग, मी गावात नाही, सांगलीत राहणार आहे. निम्मा विरोध तिथेच मावळेल.

दिवस असे लाव. ३४ आठवडे पूर्ण झाले की साताऱ्याहून सांगलीला जा. दुसऱ्या दिवशी सकाळी, थकवा उतरल्यावर, जिथे बाळंतपण करायचं तिथे नाव नोंदव. सांगली-मिरजेत सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाची रुग्णालयं आहेत, खासगीही भरपूर आहेत. निवडताना तीनच प्रश्न विचार: रात्री दोन वाजता सिझेरियन करायला भूलतज्ज्ञ किती वेळात येतात, रक्त कुठून आणतात, आणि बाळ अपुऱ्या दिवसांचं झालं तर ते तिथेच ठेवतात की दुसरीकडे पाठवतात? सरकारी ठिकाणी जननी-शिशू सुरक्षा कार्यक्रमात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, तपासण्या, रक्त आणि जेवण सगळं मोफत असतं.

मग लग्नापर्यंत काकांकडेच राहा. लग्नघरात दोन आठवडे आधी गेलीस तर कितीही ठरवलंस तरी तू बसून राहणार नाहीस, आणि एप्रिलमधलं जतचं ऊन आणि पाण्याची ओढ तुला माहीत आहे. लग्नाच्या तीन-चार दिवस आधी सांगलीतल्या डॉक्टरांना दाखव. बीपी, लघवीतली प्रथिनं, बाळाचं डोकं खाली आहे की बाळ पायाळू आहे, सगळं बघून त्यांनी हो म्हटलं तरच हळदीच्या आदल्या सकाळी गावी जा आणि लग्नाच्या दुसऱ्या सकाळी परत ये. दोन छोटे प्रवास मला दोन आठवड्यांच्या लग्नघरापेक्षा बरे वाटतात. हळदीच्या रात्री डॉल्बीजवळ थांबायचं नाही, अक्षता टाकायला खुर्चीवर बसायचं. आणि हे भावाला आत्ताच सांगून ठेव: त्या तीन रात्री घरातल्या एका माणसानं वरातीत नाचायचं नाही, प्यायचं नाही, गाडीत डिझेल भरलेलं ठेवायचं आणि किल्ली खिशात ठेवून झोपायचं. १०८ ची रुग्णवाहिका मोफत आहे, गरोदर बायकांसाठी १०२ आहे, पण रात्रीच्या वेळी आत गावापर्यंत पोचायला तिलाही वेळ लागतो. गावातल्या आशाताईंना आधी फोन करून तू येणार असल्याचं कळव.

आता वाहन. तुझ्यासाठी गाडीच. एसटीत तिकीट अर्धं पडतं, पण लघवीला थांबवता येत नाही, आणि भरलेल्या मूत्राशयानं व कमी पाण्यानं पोट वारंवार कडक होतं. बायका वाटेत लघवी लागू नये म्हणून पाणीच पीत नाहीत, त्रास तिथून सुरू होतो. जायचंच झालं तर मागच्या चाकावरच्या सीट टाळ, तिथे उसळी जास्त बसते. रेल्वेत संडास आहे, उठून फिरता येतं, गरोदर बाईला खालच्या बर्थचा कोटा आहे. साताऱ्याहून सांगलीपर्यंत ती वाईट नाही. पण मध्येच काही झालं तर पुढच्या स्टेशनपर्यंत बसून राहावं लागतं. हायवेनं उंब्रज, कराड, पेठनाका, आष्टा अशी गावं लागत जातात आणि कराडला मोठं रुग्णालय आहे. गाडी लगेच वळवता येते.

पहाटे सहाला निघा, ऊन चढायच्या आत सांगली. मागच्या सीटवर बस आणि पट्टा लाव. पट्टा पोटाला दाबतो म्हणून बायका तो लावत नाहीत, ही मोठी चूक. खालचा पट्टा पोटाच्या खाली, मांड्यांच्या वरच्या हाडांवर घट्ट बसला पाहिजे. वरचा पट्टा दोन्ही स्तनांच्या मधून पोटाच्या कडेनं गेला पाहिजे. पोटाच्या मधोमध पट्टा कधीच नको, कारण जोरात ब्रेक लागला तर त्याच दाबानं वार गर्भाशयाच्या भिंतीपासून सुटू शकते. कमरेमागे छोटी उशी ठेव. दर दीड तासाला उतरून पाच-दहा मिनिटं चाल आणि बसल्या बसल्या घोट्यापासून पाय वर-खाली हलव. गरोदरपणात रक्त लवकर गोठतं, त्यामुळे पाय लोंबकळत ठेवून तासन् तास बसलं तर पोटरीतल्या शिरेत गाठ होऊ शकते. दोन लिटर पाणी, दोन भाकऱ्या, केळी, एखादं लिंबू जवळ असू दे. फाईल डिकीत टाकू नकोस, हातात ठेव: माता-बाल संरक्षण कार्ड, सगळे सोनोग्राफी रिपोर्ट, रक्तगट, आधार, रेशनकार्ड. सगळ्याचे फोटो तुझ्या आणि मिस्टरांच्या, दोघांच्या मोबाईलमध्ये.

वाटेत गाडीला धक्का बसला, अगदी किरकोळ, तुला कुठेही लागलं नसलं तरी दवाखान्यात जा आणि काही तास बाळाचे ठोके तपासत राहू दे. वार सुटायला लागल्याचं बाहेरून लगेच कळत नाही. रक्तगट निगेटिव्ह असेल तर ७२ तासांच्या आत अँटी-डी चं इंजेक्शन लागतं.

हिमोग्लोबिनबद्दल मी जास्त आग्रही आहे. ९.४ म्हणजे मध्यम पंडुरोग, आणि बाळंतपणात सगळ्यांचंच थोडं रक्त जातं. १२ असलेली बाई ते सहज सोसते, ९ असलेलीला तेवढंच जड जातं. एक दिवसाआड गोळी घेऊन हा आकडा वर जाणार नाही. ६० मिलिग्रॅम लोहाची गोळी तुला आता रोज दोनदा लागेल, डॉक्टरांना विचारून घे. लिंबूपाण्याबरोबर घे. चहा आणि दूध आधी-नंतर तासभर नको, आणि कॅल्शियमच्या गोळीत दोन तासांचं अंतर ठेव, नाहीतर दोन्ही एकमेकींना अडवतात. शौच काळं होणं साहजिक आहे. बद्धकोष्ठतेवर पाणी वाढव, काकडी-गाजर, पालेभाजी खा, नाहीच जमलं तर डॉक्टर पोट मऊ करणारं औषध देतात. ३४ आठवड्यांना हिमोग्लोबिन पुन्हा तपास. हललं नसेल तर सलाइनमधून लोह देता येतं, त्याबद्दल तूच विचार. दिवस थोडे उरलेत, त्यामुळे वाट बघण्यात अर्थ नाही.

बाळाच्या हालचालीकडे रोज लक्ष ठेव. जेवणानंतर डाव्या कुशीवर पड आणि मोज. दोन तासांत दहा हालचाली जाणवल्या पाहिजेत. कमी वाटल्या तर त्याच दिवशी दवाखाना. पोट कडक व्हायला लागलं तर लघवीला जा, दोन पेले पाणी पी, डाव्या कुशीवर पड. तासाभरात थांबलं नाही किंवा दर दहा मिनिटांनी यायला लागलं तर निघायचं. पाणी जाणं, रक्त जाणं, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी येणं, छातीखाली पोट दुखणं, तोंड आणि हात अचानक सुजणं, एकाच पोटरीला सूज व दुखणं, यांत तासभरही थांबायचं नाही. बीपी १४०/९० ला टेकलं तर गावाचा बेत रद्द, मग लग्न दोन दिवसांवर असलं तरी.

मिस्टरांना सांग, रजा आत्ताच मागून ठेवा. ३८ व्या आठवड्यापासून त्यांनी सांगलीत असावं, आणि तोवर तुझा रक्तगट, डॉक्टरांचा नंबर आणि वारेचा तो सेंटिमीटरमधला आकडा त्यांना फाईल न उघडता सांगता आला पाहिजे.