अक्षरं राहू द्या, आधी बाईंना गाठा

तुमची मुलगी पावणेचार वर्षांची आहे. घरात तोंड मिटत नाही आणि बाहेर कुणी नाव विचारलं तर तुमच्या मागे लपते. परक्या ठिकाणी शूला जात नाही, घरी येईपर्यंत धरून ठेवते. शाळा सुरू व्हायला थोडेच आठवडे उरलेत म्हणून तुम्ही अक्षरं-अंक करून घेताय, तर ती वही लपवून ठेवते. आणि एक वर्ष थांबावं का, असं तुम्ही विचारलंय. हे वाचताना मला आमची थोरलीच दिसत होती, म्हणून जरा लांबलचक लिहिते आहे. मी डॉक्टर नाही आणि शिक्षिकाही नाही. दोन मुलींना बालवर्गात घातलेली आई आहे, एवढाच माझा अधिकार. तो ध्यानात ठेवून वाचा.

दप्तर, बाटली, नाव घातलेले कपडे, शाळेबद्दल चांगलं बोलणं हे सगळं तुम्ही करतच असाल, त्यात मी वेळ घालवत नाही. मला सांगायचंय ते वेगळंच आहे. आपण सगळे मुलाला शाळेसाठी तयार करत बसतो. पण शाळेत जो मोठा माणूस आपल्या मुलाला हातात घेणार, त्याला आपलं मूल कसं आहे हे कळलंय का, ते कुणी बघत नाही. न बोलणाऱ्या मुलाच्या बाबतीत तर सगळं तिथेच अडतं.

आमच्या प्रवेश अर्जात शेवटी एक रकाना होता, ‘पाल्याविषयी काही विशेष सांगायचे असल्यास’. मी तो नीट विचार करून भरला. ती अनोळखी जागी बोलत नाही. शू लागली की सांगत नाही, फ्रॉकची कड मुठीत धरून टाचा उचलते. कुणी हात धरून नेलं तर मुकाट्याने जाते. सहज कळावं म्हणून अक्षर सुवाच्य काढलं. ऑफिसच्या खिडकीत अर्ज देताना विचारलंही, हे वर्गातल्या बाईंपर्यंत जाईल ना? हो हो, आम्ही देतो, असं उत्तर मिळालं. बाईंना एकदा भेटता येईल का म्हटलं, तर पालकसभेच्या आधी भेट नाही, असा नियम सांगितला. मुलीला वर्ग आणि स्वच्छतागृह आधी दाखवता येईल का, तर तेही नाही, ‘बाकीची मुलं रडायला लागतात.’ शाळा सुरू झाली नसताना कुठली बाकीची मुलं, हे मला आजवर समजलेलं नाही.

शाळा सुरू झाली. ती रडली नाही. सगळे म्हणाले, किती शहाणी आहे. घरी आल्यावर मात्र दारातच कपडे ओले व्हायचे आणि मग खूप रडायची. पाण्याची बाटली भरलेली तशीच परत यायची, ही खूण लक्षात ठेवा. शूला जावं लागू नये म्हणून ती पाणीच पीत नव्हती. पुढे जळजळ, ताप, तपासणीत लघवीचा जंतुसंसर्ग. त्यापाठोपाठ शीसुद्धा धरून ठेवायला लागली आणि ते फार वाईट. डॉक्टरांनी आम्हाला जे समजावलं ते सांगते. शी आत थांबली की आतडं त्यातलं पाणी शोषून घेत राहतं, ती कडक होते, मग करताना दुखतं, आणि एकदा दुखलं की मूल भीतीने आणखी धरून ठेवतं. कडक गोळ्याच्या कडेने पातळ शी गळायला लागते आणि घरच्यांना वाटतं जुलाब झालेत. बद्धकोष्ठाचंच ते लक्षण असतं आणि आपण जुलाबाचं औषध शोधत बसतो. हे चक्र मोडायला आम्हाला कितीतरी महिने लागले. चड्डीला डाग दिसायला लागले तर घरगुती उपाय करत बसू नका, बालरोगतज्ज्ञांकडे जा.

मधल्या काळात मी ऑफिसला फोन करत होते. निरोप ठेवा, सांगतो. पुन्हा फोन, पुन्हा निरोप. शेवटी एका दुपारी बाई स्वतःच फाटकापाशी भेटल्या आणि मी तिथेच उभ्या उभ्या सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. त्यांना काहीही माहीत नव्हतं. अर्ज ऑफिसच्या फाइलमध्ये लागले होते आणि वर्षभर तिथेच राहणार होते, वर्गात जायची पद्धतच नव्हती. दुसऱ्या दिवसापासून बाईंनी एकच गोष्ट केली. कुणाला जायचंय, असं विचारणं बंद केलं आणि ठरलेल्या वेळी आमच्या मुलीला आणखी दोघी मुलींबरोबर मावशींसोबत पाठवायला लागल्या. ना प्रश्न, ना उत्तर. ती जायला लागली. बाटली रिकामी यायला लागली. जे काम दोन वाक्यांत होणार होतं, त्यासाठी माझ्या मुलीने इतकं सोसलं याचा राग मला अजून येतो. बाईंवर माझा काडीचाही राग नाही. अर्जात रकाना ठेवायचा, आईबापांकडून मनातलं लिहून घ्यायचं आणि ते वाचायची सोयच करायची नाही, याला काय म्हणावं? मग तो रकाना ठेवू तरी नका.

म्हणून तुम्हाला पहिलं सांगणं हे, की ऑफिसवर विसंबू नका. अर्जात लिहा, पण तेच एका वेगळ्या कागदावर लिहून वर्गातल्या बाईंच्या हातात द्या. पहिल्या दिवशी घाईत का होईना, हातातच. अर्ध्या पानापेक्षा जास्त नको, कारण त्यांच्यापुढे वर्गभर मुलं आहेत. मुलगी लाजाळू आहे, हळवी आहे, हुशार आहे, असलं काही लिहू नका, त्यावरून बाईंना काही करता येत नाही. शू लागल्यावर ती काय करते, घाबरली की कशी दिसते (काही मुलं रडत नाहीत, थिजतात), शांत कशाने होते आणि काय केलं की आणखी मिटते, एवढं लिहा. पुढे आम्ही बाईंना दिला त्या कागदावर शेवटचं वाक्य होतं, ‘तिला सगळ्यांसमोर बोल बोल म्हणू नका, शेजारी बसवून काम द्या.’ बाई म्हणाल्या की त्यांना त्याचाच सगळ्यात जास्त उपयोग झाला. मावशींचीही ओळख करून घ्या. स्वच्छतागृहात मुलाबरोबर त्याच जातात आणि पालक त्यांच्याशी बोलायचंच विसरतात.

स्वच्छतागृह आधी पाहायला मिळालं तर मुलीला घेऊन जा आणि तिच्या उंचीवरून बघा. दार जड आहे का, कडी आतून अडकते का, फ्लशचा आवाज मोठा आहे का, घरी एका प्रकारचं भांडं आणि तिथे दुसऱ्या प्रकारचं असं आहे का. मुलं यातल्याच एखाद्या गोष्टीला घाबरलेली असतात आणि आपल्याला वाटतं की हट्ट करतात. नाही पाहायला मिळालं, तर निदान घराबाहेरच्या दोन-तीन वेगवेगळ्या जागी जायची सवय आत्तापासून लावा. कपडे इलास्टिकचेच घाला. बटणं, पट्टा, बंद यातलं काही नको, दिसायला कितीही गोड असलं तरी.

आता बोलण्याबद्दल. घरी बोलतं आणि बाहेर अजिबात बोलत नाही, याला सिलेक्टिव्ह म्यूटिझम म्हणतात, हे तुम्ही कुठेतरी वाचून घाबरलेल्या दिसता. त्याच्या निदानाच्या निकषांतच असं आहे की हे किमान महिनाभर टिकलेलं हवं, आणि शाळेचा पहिला महिना त्यात धरायचा नाही. म्हणजे पहिल्या महिन्यात न बोलणं इतकं सर्रास असतं की तज्ज्ञसुद्धा त्यावरून काही ठरवत नाहीत. त्यानंतरही शाळेत तोंड उघडलंच नाही, तर मात्र ‘बोलेल आपोआप’ म्हणत वर्ष घालवू नका, जाणकाराला दाखवा. आणि तोवर कुणी नाव विचारलं तर तिच्या वतीने घाईने उत्तर देऊ नका, आणि ‘सांग ना गं’ म्हणून मागेही लागू नका. थोडं थांबा, मग विषय बदला.

अक्षरांची वही मी तुमच्या जागी आजच बंद केली असती. मनगटातली 8 हाडं जन्मतः कूर्चेची असतात आणि त्यांचं हाडात रूपांतर व्हायला कितीतरी वर्षं लागतात. या वयात ओळीत बसणारं अक्षर मागणं हे त्या हाताला झेपणारं नाही. फ्रीड्रिश फ्रोबेल या शिक्षणतज्ज्ञाने 1837 मध्ये जर्मनीत बाड ब्लांकेनबुर्गला लहान मुलांसाठी जे सुरू केलं आणि 1840 मध्ये ज्याला किंडरगार्टन हे नाव दिलं, तिथे मुलांच्या हातात सगळ्यात आधी लोकरीचे रंगीत चेंडू दिले जात, मग लाकडी गोल, घन, दंडगोल. गाणी, खेळ, बागेतलं काम. इतक्या वर्षांनी आपण त्याच वर्गाच्या दारात चार वर्षांच्या पोरांना शंभरापर्यंत अंक म्हणायला लावतो. माती मळणं, चिंध्या कातरणं, मणी ओवणं, चिमट्याने कपडे अडकवणं यांतून हात तयार होतो, ते करा. त्यापेक्षा शाळेच्या दृष्टीने उपयोगाचं म्हणजे डब्याचं झाकण स्वतः उघडणं, बूट स्वतः घालणं आणि ‘मला मदत हवी’ हे शब्दांनी नाहीतर हाताने दाखवणं. डबा विकत घेताना झाकण तिलाच उघडून बघायला लावा. सगळी मुलं खायला लागलेली असताना बंद डब्याकडे बघत बसणारं मूल मी पाहिलंय.

निरोप घेण्याबद्दल माझं मत जरा ठाम आहे. मुलाचं लक्ष नसताना गुपचूप सटकणं मला अजिबात पटत नाही. त्या दिवशी रडणं वाचतं, पण आई कधीही नाहीशी होऊ शकते हे मूल शिकतं आणि मग घरातही पदर सोडत नाही. सांगून जा, थोडक्यात सांगा, कधी येणार ते त्याला कळेल अशा शब्दांत सांगा (डबा खाऊन झाला की, गाणं झालं की), आणि त्याच वेळी या. दारात उभं राहून पुन्हा पुन्हा पापा घेणं नको. याच्या अगदी उलट, पहिल्या दिवशी फाटकात ओढून घ्यायचं आणि ‘दोन दिवसांत गप्प होतात’ म्हणायचं, तेही मला क्रूर वाटतं. गप्प झालेलं मूल रुळलेलं असतंच असं नाही, आमची तर पहिल्या दिवसापासून गप्प होती. बर्लिनमध्ये 1980 च्या दशकात मुलांना रुळवण्याची एक पद्धत तयार झाली, ती खरं तर आणखी लहान मुलांसाठी, पण विचार घेण्यासारखा आहे. पहिले तीन दिवस आई किंवा बाबा मुलाबरोबर तासभर वर्गात बसतात, एका कोपऱ्यात, आणि मुलाला सोडून जायचा प्रयत्नच करत नाहीत. चौथ्या दिवशी सांगून बाहेर जातात, तेही जास्तीत जास्त अर्धा तास. चौथा दिवस सोमवार आला तर तेवढंही नाही, कारण मूल सुट्टीवरून आलेलं असतं. आणि पुढचं सगळं एकाच गोष्टीवरून ठरवतात, वर्गातल्या माणसाने जवळ घेतल्यावर मूल शांत होतं की नाही. तुमच्या शाळेत थोडा वेळ बसू देतात का, ते विचारून बघा. नाही म्हणतील कदाचित. तरी विचारा.

झोपेचंही आत्तापासूनच बघा. 3 ते 5 वर्षांच्या मुलांना दुपारची धरून 10 ते 13 तास झोप लागते, आणि शाळेची वेळ सकाळची असली तर हिशेब रात्रीपासून करावा लागतो. आदल्या दिवशी लवकर झोपवून ते जमत नाही, झोपायची वेळ रोज थोडी थोडी अलीकडे आणा.

आणि वर्षभर थांबायचं का? फक्त बोलत नाही म्हणून थांबू नका, असं मला वाटतं. घरात बसून परक्यांशी बोलायची सवय होत नाही. मात्र ती वर्गात वयाने सगळ्यात लहान ठरणार असेल आणि थांबण्याची मुभा असेल, तर शांतपणे विचार करा. 2018 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये अमेरिकेतला एक अभ्यास आला होता. जिथे प्रवेशासाठी 1 सप्टेंबर ही वयाची रेषा आहे, तिथे ऑगस्टमध्ये जन्मलेल्या, म्हणजे वर्गात सगळ्यात लहान असलेल्या मुलांमध्ये एडीएचडीचं (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) निदान सप्टेंबरमध्ये जन्मलेल्यांपेक्षा सुमारे 34 टक्के जास्त होतं. ती मुलं जास्त आजारी नव्हती हो, जवळजवळ वर्षाने मोठ्या मुलांशेजारी बसवली होती. घालायचंच ठरलं, तर बाईंच्या कागदावर जन्मतारीखही लिहा.

शेवटी तुम्ही संकोचून विचारलंय की रात्री अंथरूण अजून ओलं होतं, शाळेला सांगावं का. नको. दिवसाचं आणि रात्रीचं नियंत्रण वेगवेगळ्या वेळी येतं, आणि 5 वर्षांच्या आत रात्रीच्या ओल्या अंथरुणाला डॉक्टर आजार धरत नाहीत. पण ती आधी रात्री कोरडी राहायची आणि शाळा सुरू झाल्यावर पुन्हा ओलं व्हायला लागलं, तर त्याच दिवशी बाटली किती भरून परत आली ते बघा.