विश्वास बसला नाही, तरी मंडळीत बसू द्यायचं?

पुण्यातल्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांतून, म्हणजे चर्चमधून, माझ्याकडे येणारी माणसं एक काळजी हमखास बोलून दाखवतात. नवीन मुलं उपासनेला येतात, आनंदच आहे. पण विश्वासाचा पत्ता नसताना त्यांना गायला, वाजवायला, कामाला घ्यायचं का? मग मंडळीचं मंडळीपण ते काय राहिलं?

त्यातले एक काका सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. काका गायनवृंदाचे प्रमुख, पेटीवर हात बसलेला. नाताळच्या गाण्यांना हिंजवडीत नोकरी करणारा लातूरकडचा एक मुलगा मित्राबरोबर आला आणि रमला. तबला उत्तम वाजवायचा. त्यानं सरळ सांगितलं होतं, "काका, तुमच्यासारखा विश्वास मला नाही. पण इथं बरं वाटतं." तेव्हापासून काकांची झोप उडाली.

पहिल्या काही भेटींत ते त्या मुलाबद्दलच बोलत राहिले. मी ऐकत राहिले. मग एकदा विचारलं, "काका, तुमचा स्वतःचा विश्वास कधीचा?"

"जन्मापासूनचा. आजोबांपासून आम्ही ख्रिस्ती."

"वहीतला नाही. आतला."

बराच वेळ ते बोललेच नाहीत. मग म्हणाले, "अठ्ठाविसाव्या वर्षी. बायको हॉस्पिटलात होती. तेव्हा पहिल्यांदा मनापासून प्रार्थना केली."

"आणि पेटी?"

"चौदाव्या वर्षापासून..." इथं त्यांचा आवाज अडकला. "म्हणजे निम्मं आयुष्य मी नुसताच वाजवत होतो."

"कुणी उठवलं का?"

"छे हो! पाळकसाहेब म्हणायचे, वाजव बाळा."

त्यांचे डोळे भरून आले. मी एक शब्दही जोडला नाही. माणसाला त्याचं उत्तर स्वतःच सापडू द्यावं, यावर माझी श्रद्धा आहे, आणि त्या दिवशी ती सार्थ झाली असं मला आजही वाटतं.

आपल्या घरच्या मुलांना आपण विश्वासात यायला वर्षानुवर्षं देतो. रविवारची शब्बाथ शाळा, नाताळचं नाटक, मग स्वतःच्या तोंडानं विश्वासाची कबुली देण्याचा विधी, म्हणजे दृढीकरण. मधे मूल कंटाळतं, शंका काढतं, तरी त्याची जागा कुणी काढून घेत नाही. बाहेरून आलेल्याकडून मात्र तिसऱ्या रविवारी विश्वासाची साक्ष हवी असते. तीच सवड त्याला का नाही? बायबलमधला जकातदार जक्कय येशूला बघायला उंबराच्या झाडावर चढला होता, तेव्हाच येशूनं त्याच्या घरी उतरायचं ठरवलं. लुबाडलेलं परत देण्याची भाषा त्यानंतर आली. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो.

येणाऱ्याची बाजूही बघा. याच पुण्यात १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये ख्रिस्ती लोकांकडे घेतलेल्या चहावरून लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्यांना वाद आणि प्रायश्चित्ताचा प्रश्न सोसावा लागला. काळ बदलला, पण ख्रिस्ती देवळाची पायरी चढणाऱ्या मुलाच्या मनात 'घरी कळलं तर?' हे असतंच. म्हणून दुसऱ्याच भेटीत बाप्तिस्म्याची तारीख विचारू नका. आडनावावरून चौकशी तर मुळीच नको. चहा द्या, सतरंज्या उचलायला बोलवा, नाव लक्षात ठेवा.

याचा अर्थ सगळं सैल सोडा असा नाही. प्रभुभोजन, म्हणजे ख्रिस्ताच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेणं, आणि बाप्तिस्मा विश्वासाची कबुली दिलेल्यांसाठी आहेत, हे त्याला आधीच, प्रेमानं आणि चारचौघांत नव्हे, सांगा. आपण काय मानतो ते लपवू नका. त्यानं विचारलं की पूर्ण उत्तर द्या. ख्रिस्ती कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा उभारला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले ख्रिस्तभक्त एकत्र होते. तिथले लोक ख्रिस्ताला मानणारे होते, हा फरक आहेच. पण दार किती रुंद ठेवता येतं, हे आपल्याच मातीतल्या माणसानं दाखवलंय.

आणखी एक, जे मला सगळ्यात कळकळीनं सांगायचंय. तो कदाचित कधीच विश्वास ठेवणार नाही. तरीही तुमची माया कमी होणार नसेल, तरच ती माया. नाहीतर ते आमिष झालं, आणि माणसाला आमिषाचा वास लगेच येतो.

तो मुलगा आजही तबला वाजवतो. प्रभुभोजनाच्या वेळी जागेवर बसून राहतो. पंचकमिटीत कुणी विषय काढलाच, तर उत्तर काका देतात. आईवडिलांना इथं येणं कसं सांगावं, हे विचारायला तो परवा त्यांच्याकडेच गेला होता. काकांनी त्याला सांगितलं, "लपवू नकोस. हवं तर मी फोनवर बोलतो."